कौतुकाचा भार

गुणी मुलाचे कौतुक करावे, यात वावगे काही नाही. चार गोड शब्दांनी मुलाच्या अंगी बळ येते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. परंतु ज्या पाण्यावर पीक वाढते, त्याच पाण्याची अतिवृष्टी झाली की ते कुजते. कौतुकाचीही गत अशीच आहे. सबंध गावच जेव्हा आपल्या मुलांना डोक्यावर घेऊन नाचू लागते, तेव्हा त्या मुलांचे काय होते, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील ओडेसा गावाची हकिकत ऐकण्याजोगी आहे.

ओडेसा हे टेक्सास राज्याच्या पश्चिम भागातील उजाड माळावर वसलेले गाव. १९८८ च्या सुमारास तेथील वस्ती सुमारे ९०,००० होती. जमिनीखालील खनिज तेल हाच गावाचा मुख्य आधार. तेलाला भाव असला की गावात पैसा खेळे. १९८६ मध्ये भाव कोसळला, तेव्हा अनेकांचा रोजगार बुडाला. अशा खचलेल्या गावाला छाती फुगवून सांगण्यासारखे एकच उरले होते, ते म्हणजे परमियन हायस्कूलचा फुटबॉल संघ.

हा फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा. लंबगोल चेंडू काखेत धरून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर आदळून त्या खेळाडूला पाडावयाचे, असा हा दांडगा खेळ. शुक्रवारी रात्री सामना असला की सारे गाव तिकडे लोटे. शाळकरी मुलांच्या या सामन्यांसाठी सुमारे १९,००० प्रेक्षकांचे क्रीडांगण १९८२ मध्ये ५६ लाख डॉलर खर्चून उभारले होते. हंगामाच्या तिकिटांसाठी लोक रात्रभर मुक्काम ठोकीत. प्रत्येक खेळाडूसाठी शाळेतील एक मुलगी नेमलेली असे. तिने त्याला गोडधोड आणून द्यावे, त्याच्या घरापुढे त्याच्या नावाची पाटी रोवावी, असा प्रघात होता.

१९८८ साली एच. जी. बिसिंजर हा पत्रकार फिलाडेल्फियाहून तेथे सहकुटुंब राहावयास आला. त्याने संघाचा तो सबंध हंगाम पाहिला आणि १९९० मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक लिहिले. त्यातील वेतनाचे आकडे बोलके आहेत. वीस वर्षे इंग्रजी शिकविणाऱ्या उच्चशिक्षित शिक्षिकेला वर्षाला ३२,००० डॉलर मिळत. एकही वर्ग न घेणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाला ४८,००० डॉलर आणि वर मोटार. पण त्या प्रशिक्षकाचे सुख तरी कितीसे? शेजारच्या मिडलंड गावच्या संघाकडून परमियन संघ अवघ्या एका गुणाने हरला आणि ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या कोणी त्याच्या अंगणात आणून रोवल्या. खेळाडूंच्या दारी पाट्या रोवून गौरव करणारे गाव पाट्यांनीच अपमानही करू शकत होते.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती जेम्स माइल्स या मुलाने. लहानपणी अनाथासारखे दिवस काढलेल्या या मुलाला त्याच्या काकाने सांभाळले होते. तो वाऱ्यासारखा धावे. मोठमोठ्या विद्यापीठांकडून त्याला बोलावणी येऊ लागली. आपले भवितव्य आपल्या पायांत आहे, असे सर्वांनी त्याच्या मनावर ठसविले होते. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच एका सराव-सामन्यात त्याचा गुडघा जायबंदी झाला. त्याची जागा दुसऱ्याने घेतली, विद्यापीठांचा ओघ आटला, आणि हंगाम संपण्यापूर्वीच त्याने संघ सोडला. ज्याच्यासाठी गाव गर्जत होते, त्याची आता कोणाला गरज उरली नव्हती. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्या जगाची रीत त्याला अठराव्या वर्षीच कळली.

त्या वर्षी परमियन संघ राज्यस्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हरला; पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, विजेता ठरला. अंगणातल्या पाट्यांवर तोवर नवी नावे आली होती. गावाचे प्रेम संघावर होते. मुले मात्र दरवर्षी बदलत होती. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ओडेसात संतापाची लाट उसळली. धमक्या आल्यामुळे लेखकाला तेथील भेट रद्द करावी लागली. आरशात दिसलेले रूप आवडले नाही, म्हणून दोष आरशाला दिला गेला.

ओडेसाचे लोक दुष्ट नव्हते. त्यांचे मुलांवर प्रेम होते, यातही संशय नाही. चूक एवढीच, की थोरांनी आपल्या आयुष्यातील उणिवा भरून काढण्याचे ओझे सतरा वर्षांच्या खांद्यांवर ठेवले. अशी ओडेसा जगात जागोजागी आहेत. कोठे मैदान निराळे, कोठे चेंडू निराळा. तर कोठे चेंडूऐवजी परीक्षेचे गुण असतात. हरभऱ्याच्या झाडावर चढविलेल्या मुलाला खाली उतरण्याची वाट कोणीच दाखवीत नाही. म्हणून जिंकून आलेल्या मुलाला खांद्यावर जरूर घ्यावे. पण लंगडत घरी परतणाऱ्या मुलासाठीही तोच खांदा पुढे करावा. त्या दुसऱ्या वेळीच गावाच्या प्रेमाची परीक्षा होते.