जखमेचं वय

पडद्यावरची जखम खोटी वाटते, तेव्हा रक्त क्वचितच कमी पडलेलं असतं. ती कशाने झाली आणि कधी झाली, हे रंगभूषा करणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. रस्त्यावर घसरून पडलेला माणूस गालाच्या हाडावर, कोपरावर, गुडघ्यावर खरचटतो. गालाच्या खळग्यात नाही. रेघा एकाच दिशेला जातात आणि सोलवटलेल्या कातडीचे पापुद्रे घासण्याच्या शेवटच्या टोकाला गोळा होतात. म्हणून भरड स्पंज तिथे थोपटायचा नसतो, एका दमात ओढायचा असतो. मुक्या माराचं तर वेळापत्रकच असतं: आधी लालसर सूज, मग काळंनिळं, पुढे साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन विघटित होऊ लागलं की कडेने हिरवट, पिवळट. पिवळा रंग साधारण पहिले 18 तास तरी दिसत नाही. पण आपल्या मालिकांत रात्री मार खाल्लेल्या नायकाच्या डोळ्याखाली सकाळी हे सगळे रंग गुण्यागोविंदाने नांदतात, कारण मेकअपच्या डबीत ते शेजारी-शेजारी असतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: प्रेक्षक काय डॉक्टर आहे? नाही, पण गुडघे त्यानेही फोडून घेतलेले असतात. काय चुकलं ते त्याला सांगता येत नाही, खटकतं मात्र. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅमेऱ्याला हुबेहूब रक्त चालतच नाही, असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. ‘सायको’त (1960) कृष्णधवल फिल्मवर रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं गेलं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या (1976) शेवटच्या गोळीबाराचे रंग प्रौढांपुरतं प्रमाणपत्र टाळण्यासाठी फिके करावे लागले, लाल जवळपास गेलाच, तरी प्रसंग सौम्य झाला नाही. तडजोड झाली ती रंगाची. कारणाची तडजोड मात्र करता येत नाही. सिरप असो वा मक्याचा पाक, तो उताराकडेच वाहणार. कपाळ फुटून उताणा पडलेल्याचं रक्त कानशिलाकडे जातं. ते हनुवटीपर्यंत उतरलं, तर हा माणूस आधी उभा होता असा त्याचा अर्थ होतो, मग पटकथेत काहीही लिहिलेलं असो.

राहिली कंटिन्युइटीच्या फोटोंची सबब: मागच्या चित्रीकरणाचा फोटो पाहून जखम जुळवता येते, अशी. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. चौथ्या दिवसाची जखम आधी चित्रित होते, पहिल्या दिवसाची नंतर कधीतरी. तेव्हा जुळवायला मागचा फोटोच नसतो. त्यामुळे रंग कालवण्याआधी तक्ता करावा लागतो, आणि त्यात शूटिंगच्या तारखांशेजारी कथेतले तासही लिहावे लागतात.