अण्णांची जीप आणि तेलाची वही

हजीऱ्यास आमच्या घरी येणारा पाहुणा पायरी चढण्यापूर्वीच थबकतो. अंगणातील शेवग्याखाली उभी असलेली जीप त्याचे लक्ष वेधून घेते. ‘अजून चालते?’ हा त्याचा पहिला प्रश्न, आणि ‘लिटरला किती देते?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर सापडण्यास आम्हांस पस्तीस वर्षे लागली, तीन एंजिने लागली, आणि एकदा तर गाडीसह चिरंजीवही दर्यार्पण होण्याची वेळ आली. ती हकीकत सांगावी म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

जीप आमच्या वडिलांची, अण्णांची. तापीवरील उकाई धरणाच्या कामावर ते देखरेखनीस होते. धरण १९७२ साली पुरे झाले. पुढल्या वर्षी कामावरच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा अण्णांनी ही एक घेतली. महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीस जीपच्या घराण्यातली ती. १९४७ सालापासून महिंद्रांनी या गाड्या सुट्या भागांत अमेरिकेहून आणून मुंबईस जोडण्यास आरंभ केला आणि पुढे त्या येथेच घडू लागल्या. आमच्या गाडीत सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचे, चार सिलिंडरांचे ‘हरिकेन’ नावाचे पेट्रोल एंजिन होते. नाव वादळाचे, परंतु स्वभाव शांत. हळू चालवावे, ओझे ओढावे आणि पेट्रोल मात्र राजासारखे प्यावे, अशी त्याची रीत.

अण्णांना एक सवय होती. टाकी भरली की काळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर लिहावयाचे. टाकी काठोकाठ भरावी, गाडी चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी. दुसऱ्यांदा जितके लिटर मावले तितकेच जळले. ‘पंपावर अंदाजाने बोलतो तो स्वतःस फसवतो,’ असे ते म्हणत. त्या वहीप्रमाणे जीप लिटरला साडेसहा किलोमीटर देई. डांगच्या घाटात पाचसुद्धा.

१९८४ साली एका कारखान्याच्या उभारणीच्या कामावर आम्ही हजीऱ्यास आलो. तापीच्या मुखाशी वसलेले हे कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे गाव तेव्हा नुकते कोठे बदलू लागले होते. समुद्रातला वायू येथे किनाऱ्याला लागून विजयपूर-जगदीशपुराकडे नळाने निघणार होता, खताचे कारखाने उभे राहात होते, आणि रस्ते? ते नकाशावर होते. वाळू, चिखल आणि बाभळी यांतून दोन्ही धुरांना जोर देणारी जीपच काय ती जाई. अण्णा आणि आई आमच्याकडे राहावयास आले आणि त्यांच्याबरोबर जीपही आली.

पुढे आईचे दुखणे बळावले. सुरतेस दवाखान्यात आठवड्यातून तीन-तीन खेपा होऊ लागल्या. वहीत वर्षाकाठी बारा हजार किलोमीटर भरू लागले, म्हणजे सुमारे साडेअठराशे लिटर पेट्रोल. पगाराचा मोठा हिस्सा टाकीत जाऊ लागला. त्या काळी डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे. जो तो जीपमध्ये डिझेल एंजिन बसवून घेत होता. आम्हीही स्थळे पाहू लागलो.

स्थळे म्हणावयाचे कारण असे की गाडी आणि एंजिन यांची पत्रिका जुळावी लागते. आमच्या एका सहकाऱ्याने ट्रॅक्टरच्या जातीचे संथ एंजिन स्वस्तात आणून बसवले. ते मिनिटाला २३०० फेऱ्यांच्या वर जाईना. जीपच्या धुरीतील दातांचे प्रमाण ५.३८, म्हणजे एंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांमागे चाकाची एक. अठ्ठावीस इंची चाक एका फेरीत सव्वादोन मीटर जाते. हिशेब केला तर वरच्या गिअरमध्येही ताशी ५७ किलोमीटरच्या पुढे मजल नाही! बिचारे हजीऱ्याहून सुरतेस जाताना एंजिनाचा आक्रोश ऐकत जात, आणि सदैव शिगेस चाललेल्या एंजिनाकडून बचतही अपेक्षेइतकी होईना. एंजिन वाईट नव्हते, पण धुरीचे प्रमाण न बदलता केलेला तो विवाह विजोड होता.

महिंद्रांनी १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी नावाचे २.१ लिटरचे डिझेल एंजिन येथे बनवावयास घेतले होते. ते जलद फिरणारे, म्हणून जीपच्या धुरीशी जुळणारे. अपघातातून उतरवलेले असे एक आम्हांस १९८८ साली मिळाले. कागदोपत्री नोंद करून ते बसवले आणि वहीत लिटरला अकराचा आकडा दिसू लागला. यात चमत्कार नाही. डिझेलच्या एका लिटरात मुळात पेट्रोलपेक्षा दशांशाने अधिक उष्णता असते. पेट्रोल एंजिनात हवा सुमारे सातपट दाबली जाई, डिझेलमध्ये वीसपटीच्या आसपास. जितका दाब अधिक, तितके उष्णतेचे काम अधिक होते. शिवाय पेट्रोल एंजिन हळू चालताना अर्धवट मिटलेल्या झडपेतून श्वास ओढते आणि त्यात शक्ती वाया जाते. डिझेल मोकळा श्वास घेते, फक्त तेल कमी-जास्त करते. वर्षाला अकराशे लिटर, तेही निम्म्या भावाचे! एंजिनाची किंमत दोन वर्षांच्या आत वसूल झाली.

अण्णा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाले, “आईसाठी केलेस, योग्य केलेस. पण जुने एंजिन भंगारात जाता कामा नये.” ते त्यांनी ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून, लाकडी ठोकळ्यांवर पडवीत ठेवले. महिन्यातून एकदा सिलिंडरांत चमचा-चमचा तेल सोडून ते हाताने फिरवीत. आई गेली, १९९७ साली अण्णाही गेले. तेल सोडण्याचे काम आमच्याकडे आले. वहीचे मात्र राहून गेले. शेवटची नोंद त्यांच्या हातची होती.

आता चिरंजीवांची पाळी. हा मुलगा हजीऱ्यातच वाढला. आडरानात, वाळूत गाड्या घालणाऱ्या तरुणांच्या मेळ्यात जाऊ लागला. २०१६ साली त्याने एका कारागिराकडून जीपमध्ये परदेशी मोटारीतून उतरवलेले अडीच लिटरचे टर्बो डिझेल एंजिन बसवून घेतले आणि चाके साडेतीस इंची केली. “बाबा, शंभर अश्वशक्ती आहे!” त्याच्या आनंदावर विरजण घालणे आमच्याने झाले नाही. कागदपत्रांचे विचारले, तर ‘कारागीर करून देणार आहे’ असे उत्तर आले. ते कधीच झाले नाही.

थोड्याच दिवसांत तो कुरकुरू लागला, की नवे एंजिन लिटरला नऊच देते. चूक मीटरची होती. जीपचा मीटर चाक किती मोठे आहे ते जाणत नाही. तो दांड्याच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाल्यावर मीटरचे शंभर किलोमीटर हे वास्तविक एकशे नऊ झाले होते. म्हणजे नऊ नव्हे, पावणेदहा. तरीही जुन्या अकराहून कमीच. रुंद चाकांना घर्षण अधिक, आणि जीपच्या सपाट तोंडावर वेग ताशी साठावरून ऐंशीवर नेला की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. शक्ती मिळाली की माणूस ती वापरतो, आणि तिचे मोल टाकीतून वसूल होते.

२०१८ सालच्या हिवाळ्यातील एका रविवारी चिरंजीव, आमची सहा वर्षांची नात आणि आम्ही असे सुवालीच्या किनाऱ्यावर गेलो. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली ती याच सुवालीसमोर. ओहोटी होती. वाळूवरून पुढे जाता जाता गाडी कधी गाळावर आली ते कळलेही नाही. पुढची चाके बसली. चिरंजीवांनी जोर दिला. एंजिन गरजले, चाके गरगरली आणि गाडी धुरीपर्यंत रुतली. जुन्याहून पुष्कळ जड असे ते एंजिन पुढच्या चाकांवर बसलेले. जितका जोर अधिक, तितका खड्डा खोल.

मागे पाहिले तर पाण्याची रेघ जवळ आली होती. खंभातच्या आखाताची भरती पाहिलेल्यांस ती कशी चढते ते सांगावयास नको. नातीस खांद्यावर घेऊन आम्ही कोरड्या जागी आलो. चिरंजीव मात्र गाडीपाशीच, हातांनी गाळ उपसत. आम्ही ओरडलो, “सोड ती गाडी! इकडे ये!” तो म्हणाला, “बाबा, अण्णांची आहे ही.” आयुष्यात प्रथमच अण्णांच्या त्या जीपचा आम्हांस राग आला. लोखंडाच्या एका ढिगासाठी पोटचा पोर पाण्यात उभा होता, आणि तो मोह त्याला लावला कोणी, तर आम्हीच!

नशिबाने गावातला एक ट्रॅक्टरवाला येत होता. त्याने एकवार पाहिले आणि म्हणाला, “साहेब, पहेलां हवा काढो, पछी जोर करो.” चारी चाकांतली हवा बारा पौंडांपर्यंत उतरवली, पुढे फळ्या सारल्या, दोर बांधला, आणि एंजिन जेमतेम रांगते ठेवून गाडी बाहेर निघाली. पाणी तोवर मागच्या चाकांना लागले होते.

आमच्या गावच्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ‘वज्र’ नावाची स्वयंचलित तोफ बनते. वजन सुमारे पन्नास टन, एंजिन हजार अश्वशक्तीचे. म्हणजे टनामागे वीस. आमच्या जीपला जुन्या एंजिनासहही टनामागे पन्नासाहून अधिक पडते. तरी चिखलात ती तोफ चालते आणि आम्ही बसतो. कारण ती पट्ट्यांवर चालते आणि तिचा भार मोठ्या जागेवर पसरतो. हवा काढली की चाकही तेच करते. हे आम्हां यंत्रशाळेत जन्म घालवलेल्या माणसास ट्रॅक्टरवाल्याने शिकवावे!

पुढल्या महिन्यांत दुसरा प्रश्न उभा राहिला. नोंदणीचे नूतनीकरण आले आणि पुस्तकातील एंजिन क्रमांक गाडीतील क्रमांकाशी जुळेना. त्यातच जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत. एंजिन बदलावयाचे तर अधिकाऱ्याची मंजुरी आधी हवी. टर्बो उतरवणे भागच होते. जुने प्यूजो तर चिरंजीवांनी कधीच विकून टाकले होते. मग नवे डिझेल पाहावे की काय?

रात्री जेवताना बापलेकांची आकडेमोड चालली होती. सौ. भात वाढता वाढता म्हणाल्या, “अहो, पण आता वर्षात गाडी फिरते किती?”

आम्ही दोघेही गप्प झालो. फिरते फार तर दीड हजार किलोमीटर. साडेसहाने धरले तर दोनशे तीस लिटर, अकराने धरले तर एकशे छत्तीस. फरक चौऱ्याण्णव लिटरांचा. त्यातही डिझेलचे दर २०१४ साली मोकळे झाल्यापासून दोन्ही भावांत पूर्वीची दरी उरलेली नाही. नव्या एंजिनाचा दीड लाखाचा खर्च निघावयास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. १९८८ साली जे शहाणपण होते, ते आज शहाणपण राहिले नव्हते. आई नव्हती, खेपाही नव्हत्या. लिटरला किती मिळते यापेक्षा वर्षात किती लागते, हा प्रश्न आधी विचारावयास हवा होता.

पडवीतील गोणपाट सोडले. हाताने फिरवले तर एंजिन फिरले. अण्णांच्या चमच्याचे ते पुण्य. नवे रिंग, नव्या झडपा, रीतसर मंजुरी, आणि अठ्ठावीस इंची चाके. चिरंजीवांस शंभर अश्वशक्ती सोडणे जड गेले, हे आम्हांस दिसत होते. परंतु त्यानेच एंजिनाचे बोल्ट आवळले आणि पंपापर्यंत गाडीही त्यानेच नेली.

परतल्यावर त्याने अण्णांची वही मागितली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडून त्याने तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर लिहिले. आता पाहुण्याने विचारले, की आम्ही वहीच पुढे करतो. सध्या सहा पूर्णांक सात पडते. अण्णांपेक्षा किंचित अधिक. मात्र डांगच्या घाटात आम्ही अजून गेलेलो नाही.