टेबलाखालचं पायडल

आमच्या घरात दोन पायडलं. एक आईच्या शिलाई मशीनचं, लोखंडी, जाळीदार. दुसरं माझं, काळं, प्लास्टिकचं, शेपटीला यूएसबीची वायर. 2020 च्या टाळेबंदीत ते माझ्याबरोबर पुण्याहून कपड्यांच्या पिशवीतून गावी, दिंद्रुडला आलं. आईचं दिवसा चाले, माझं रात्री. तेलगावच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे, तेव्हा अमेरिकेतले डॉक्टर माझ्या हेडफोनमध्ये पेशंटची हकिकत घडाघडा सांगत असायचे. बोटं टाइप करायची. आवाजाचा लगाम पायात.

माझ्या पायडलाला तीन भाग. मधला दाबला की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. उजवा पुढं पळवतो. तो अजून कोरा करकरीत आहे. डाव्याची कड मात्र झिजून पांढरी पडलीय. डावा म्हणजे मागं. ह्या पायडलाचा सगळा स्वभाव त्या झिजेत आहे. घाई त्याला मानवत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कमरेचं हाडही इलियम. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, कानाला काहीच नाही. मग डावा दाबायचा, डॉक्टर पोटाचं बोलत होता की कमरेचं ते बघायचं. तीनदा ऐकूनही लागलं नाही, तर जागा कोरी सोडायची. अंदाजानं ठोकायचं नाही, हा ह्या धंद्यातला पहिला धडा.

पैसे ओळीवर. 65 अक्षरांची एक ओळ. डावा दाबला की ओळ पुढं सरकत नसे, म्हणजे कमाई अडे. तरी दाबावाच लागे.

पायडलाचा वैरी, म्हणजे बोललेलं ऐकून स्वतःच लिहिणारं यंत्र, तसा जुनाच. सुरुवातीची यंत्रं एकेक शब्द सुटा बोलायला लावायची. 1997 च्या ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंगला सलग बोलणं कळू लागलं. पुढं मसुदा मशीन करू लागलं, आमच्याकडं तपासणी आली आणि ओळीचा भाव उतरला. ड्रॅगनवाली न्युअन्स कंपनी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टकडं गेली. आता तर तपासणीच्या खोलीतलं डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून मशीन स्वतःच टिपण लिहितं. डॉक्टरला वेगळं सांगायचीही गरज नाही.

मशीन दमत नाही, झोपत नाही. फक्त अडखळतही नाही. व्हिस्पर नावाच्या प्रणालीवर 2024 मध्ये एक अभ्यास आला. तपासलेल्या आवाजाच्या तुकड्यांपैकी साधारण एक टक्क्यात कुणी न बोललेले शब्द, अख्खी वाक्यं सापडली. बोलणारा जिथं जास्त थांबतो, तिथं हा घोळ अधिक. पायडल जिथं कोरी जागा सोडायला लावायचं, तिथं मशीन आपल्या पदरचं घालतं.

परवा एका मसुद्यात ‘छातीत दुखतं’ असं आलं. वाक्य नीटनेटकं, स्पेलिंग बिनचूक. तरी पाय आपसूक डावीकडं गेला. दोनदा मागं गेल्यावर खोकल्याच्या उबळीत बुडालेला ‘नो’ सापडला. दुखत नव्हतं.

आईला सांगितलं. ती तेव्हा कुणाचातरी चुकलेला ब्लाउज उसवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “शिवण्यापेक्षा उसवायला नजर लागती बाई. पण उसवायचे पैसे गिऱ्हाईक देत नसतंय.”