नुसती कळकळ पुरत नाही

बारावीचा निकाल लागला की वस्तीतील मुलेमुली आम्हाला विचारतात, "काका, समाजकार्याचं शिक्षण घेऊ का? पोट भरेल का त्यात?" नोकऱ्या असतात, पण पुष्कळशा कंत्राटी आणि पगार बेताचा, हे आम्ही लपवीत नाही. मात्र उलट विचारतो, "ऐकून घेता येतं का? अर्ज लिहिता येतो का? दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवता येते का?"

आमच्या कळंब्यात मध्यवर्ती कारागृह आहे. कच्च्या कैद्यांचे नातेवाईक लांबून येतात. अशीच एक माऊली रस्त्याकडेला रडत बसली होती. कुणी चहा दिला, कुणी हळहळले. आमच्या वस्तीतील एम.एस.डब्ल्यू. शिकणारी मुलगी शेजारी बसली. तिने माऊलीला पोटभर रडू दिले. मग हळूच विचारले, "मावशी, कलम कुठलं? अटक कधी झाली? आधी कधी शिक्षा झालीय?" उत्तरे वहीत टिपली.

हे तीन प्रश्न उगाच नव्हते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असतील तर ही सवलत नाही. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. मुलीने माऊलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेले. अर्ज झाला, वकील मिळाला.

संध्याकाळी शेजारणींनी विचारले, "पोरानं काय केलं होतं गं?" ती म्हणाली, "ते सांगायचं नसतं, काकू." आम्हाला तिचे कौतुक वाटले ते इथे.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1932 मध्ये ठक्करबाप्पांना पत्र लिहिले होते. माणसाला सुधारण्याच्या मागे न लागता त्याला जखडणारी परिस्थिती बदला, आणि हे काम आपुलकी असलेल्या माणसांवर सोपवा, असा त्याचा आशय होता. ही आपुलकी आपल्या मुलांना घरातच मिळते, कारण कचेरीतल्या हेलपाट्यांचे दुःख त्यांनी आईबापांच्या चेहऱ्यावर पाहिलेले असते. त्याला कायद्याची माहिती, नीट नोंद आणि मिटलेले तोंड यांची जोड हवी. करुणेबरोबर प्रज्ञा आणि शील हवे, ते याचसाठी.

तेव्हा पालकहो, मुलीने ही वाट धरली तर अडवू नका. घरातले रेशनकार्डाचे, दाखल्याचे अर्ज आजपासून तिच्याच हाताने लिहून घ्या. जयभीम!