माझ्या वांट्याचें रान

एका सहीला माणसास किती दिवस लागावेत? माझ्या मेजावर दिवाळीपासून एक संमतिपत्र पडून आहे. मालवण तालुक्यांतील आमच्या गांवीं घरामागच्या उतारावर आमचें सामायिक रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, मधूनमधून काजू. सातबाऱ्यावर अकरा नांवें आहेत. आठ जण मुंबईस, एक बडोद्यास, मी नोकरीपायीं कोल्हापुरास, आणि गांवांत एकटा माझा चुलतभाऊ. एका व्यापाऱ्यास तें रान उभेंच्या उभें हवें आहे. लांकडाचा भुगा करून, दाबून त्याच्या कांड्या होणार आणि ‘पांढरा कोळसा’ या नांवानें त्या कारखान्यांच्या बॉयलरांत जाणार. दहा सह्या झाल्या आहेत. अकरावी माझी.

लांकडावर यंत्रें चालवावीं ही कल्पना तशी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें तेव्हां कित्येक मोटारी लोणारी कोळशाच्या वायूवर धांवत. चढण आली कीं उतारूंनीं खालीं उतरून मोटार ढकलावी, असें आजोबा सांगत. आज त्या जुन्या गोष्टीला नवी प्रतिष्ठा आली आहे. दगडी कोळसा संपला कीं संपला. झाड मात्र पुन्हां वाढतें, आणि जळतांना हवेंत सोडलेला कार्बन वाढतांना परत घेतें, असा हा हिशेब. हिशेब खोटा नाहीं. फक्त जाळायला एक दुपार पुरते, आणि किंजळाचा बुंधा कवेंत मावेनासा व्हायला एक पिढी जावी लागते.

फिनलंडांत निम्म्याहून अधिक वनभूमि खाजगी मालकांची आहे. तिकडचे संशोधक अशा मालकांना प्रश्नावल्या पाठवितात : ऊर्जेसाठीं लांकूड द्याल काय? कोणत्या भावानें? मला कोणी तसें विचारलें असतें तर मीं ऐटींत लिहिलें असतें, ‘कोणत्याहि भावानें नाहीं!’ दिवाळींत गांवीं गेलों तेव्हां हेंच उत्तर मीं भावाला तोंडीं दिलें. उतारावरच्या झऱ्याविषयीं, सावलीविषयीं, पांखरांविषयीं वर्गांत बोलावें तसा अर्धा तास बोललों. त्यानें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग सुपारी कातरीत म्हणाला, “दादानू, रान तुमका बघूक बरां दिसता. माका हंय रवाचां आसा.”

त्या एका वाक्यानें माझें व्याख्यान संपलें. वणवा शिरूं नये म्हणून दर माघांत कडेचें गवत कापतो तो. चोरून फांद्या तोडणाऱ्यांशीं भांडतो तो. रानांतलीं माकडें काजू खातात तो काजूहि त्याच्याच श्रमाचा. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरायची आहे आणि मागच्या पडवीचे वासे बदलायचे आहेत. मी मात्र वर्षांतून आठ दिवस जातों आणि सावलींत बसतों.

कायद्याची तऱ्हा तर त्याहून विलक्षण. 1964 सालच्या वृक्षतोड कायद्यानें ऐन-किंजळ मालकालाहि परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. पुढें 30 ऑगस्ट 1975 रोजीं खाजगी वनें सरकारजमा करणारा कायदा अंमलांत आला. लहान खातेदारांना जमिनी परत मिळण्याची सोय मागाहून झाली; पण तोंवर आमच्या गांवांत एक भीति रुजली होती : रान राखलें तर तें ‘वन’ ठरून हातचें जाईल, तोडलें तर जमीन म्हणून राहील! राखणाऱ्यालाच धास्ती वाटावी, अशी ही उलटी शिकवण. मालकाची इच्छा केवळ भावावर ठरत नाहीं ती अशी.

तोड म्हणजे सर्वनाशच असें नव्हे, हेंहि मला भावानेंच शिकविलें. ऐन-किंजळाचा खुंट जमिनीलगत नीट कापला तर त्याला फुटवे येतात. त्यांतले एक-दोन जोमदार राखले तर झाड पुन्हां उभें राहतें. परंतु त्यासाठीं गुरें आणि वणवा यांपासून तो उतार वर्षानुवर्षें राखावा लागतो. व्यापारी एकदां तोडून जातो. राखणारा मागें उरतो, आणि तो एकटाच उरतो.

माझ्या नकाराला आजवर एक दमडीहि खर्च आलेला नाहीं, हें मला या दोन महिन्यांत कळलें. म्हणून परवां भावाला लिहिलें : झऱ्यावरचा भाग राखावा, खालच्या उतारावरचीं निवडक झाडें परवानगी काढून विकावीं, माझा वांटा तूंच घ्यावास, शिवाय वरच्या रानाच्या राखणीसाठीं मी दरसाल पैसे पाठवीन. पत्र लिहून मला मोठें हलकें वाटलें.

उत्तर फोनवर आलें. “पैशे नको, दादानू. माघात या. गवत कापूक माणूस गावणा नाय.”

माघांत आमच्या कॉलेजच्या परीक्षांची धांदल असते. मेजावर संमतिपत्राशेजारीं आतां रजेचा कोरा अर्जहि पडून आहे.