आईची लांबी किती?

मी कॉन्व्हेंटची, शाळेत 'मम्मी', घरी 'आई'. रोमन लिपीतली मम्मी पायथॉनला ५ अक्षरांची दिसते आणि सीलाही ५ बाइटची. भांडणच नाही! पण 'आई' लिहून बघा. पायथॉन म्हणतं लांबी २. तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये सीकडे पाठवली की स्ट्रलेन म्हणतं ६. कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट खातं आणि सी शून्य भेटेपर्यंत नुसते बाइट मोजत सुटतं. पायथॉनच्या २ वर विसंबून २ च बाइट नेले, तर अख्खा 'आ'सुद्धा पलीकडे पोचत नाही. तेव्हा मित्रहो, दोन भाषांच्या वेशीवर बाइट मोजा, शेवटच्या शून्याची जागा धरून ७. प्रोग्रॅम इंग्रजीत कितीही पळो, आईला नीट हाक मारता आली तरच तो पास!