टिंबांचा रुपया

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशींची दावण संपते तिथे, कासरे-घुंगरांच्या दुकानांपलीकडे, एकाने गोणपाटावर राणीछाप रुपये मांडले होते. त्यांत नकली बरेच. दगडावर टाकले की बद्द वाजणारे. पण खऱ्यांतले जे सर्वांत झिजलेले, त्यांपैकी बहुतेकांवर साल एकच: 1862. एकाच वर्षात एवढी चांदी आली कुठून?

ते साल थांबलेलं आहे. 1862 नंतर टांकसाळींनी रुपयावरचं साल बदललंच नाही. चालू साल पुन्हा उमटलं ते 1874 मध्ये. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक टिंबं तेवढी पाडली. भिंगाखाली ती मोजली, की नाणं साधारण कधी पडलं ते कळतं. राणीचं नाक-गाल हातोहाती सपाट झालेले असतात, टिंबं पुसट का होईना, सापडतात.

मला ही टिंबं फार बोलकी वाटतात. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मागणी मुंबईवर आली आणि कापसाच्या मोबदल्यात चांदी बोटींनी उतरू लागली. टांकसाळीत तिचे रुपये पडले आणि ते घाट चढून वर आले. धान्याचे भाव वाढले, मजुरी वाढली, सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला. एकदोन टिंबांचा रुपया हा त्या भरभराटीतला. पुढे 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले. सारा मात्र नव्या मोजणीत वाढला. कर्जाचे कागद सावकाराच्या पेटीत तसेच होते, त्यांवर व्याज चढत होतं. अखेर 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण आमच्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आलं. गावोगाव मागणी एकच: रोखे द्या. मिळाले ते चावडीपुढे, रस्त्यावर जाळले. माणसांच्या जिवावर सहसा कुणी उठलं नाही. चार वर्षांनी, 1879 मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या शेतकऱ्याने कर्जाच्या रोख्यावर निशाणी करून असे टिंबांचे रुपये मोजून घेतले, त्याच्या घरात ते किती दिवस टिकले असतील?

म्हणून मला कोरा, प्लॅस्टिकच्या पाकिटातला रुपया आवडत नाही. संग्राहक त्याला दाम देतात, कारण तो कधी खर्चलाच गेला नाही. मला खर्चलेला हवा. माळेत ओवायला जोडलेलं नाकं तुटून डाग राहिलेला चालेल, सोनाराने वजन म्हणून वापरलेलाही चालेल. रुपयाभार म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. 1940 पासून ती निम्मीच उरली. त्या रुपयांवर माझा जीव बसत नाही. आणि लक्ष्मीपूजनाआधी चिंचेने रुपये घासू नयेत, ही कळकळीची विनंती. दीडशे वर्षांचा काळा थर पाच मिनिटांत जातो.

या बाजारातल्या रुपयाला आणखी एक वाट होती. घोडेगावाहून औरंगाबादच्या रस्त्याने प्रवरासंगमाला गोदावरी ओलांडली की कायगाव, निजामाचा मुलूख. तिथलं चलन हाली सिक्का. इंग्रजी कलदार सहा तर हाली सात, असा ढोबळ हिशेब. पलीकडून बैल घ्यायला आलेल्या माणसाला रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याआधीच विचारावं लागत असेल, की सौदा कलदारात की हालीत. पुढे हाली रुपयावर चारमिनार आला. तसा झिजका चारमिनार मी सध्या शोधतो आहे, नदीच्या अलीकडे सापडलेला.